गटात न बसणारे पद ओळखा



पंधरा दिवसांमागं आपल्याच मंडळातली चार पोरं पावतीपुस्तक घेऊन माझ्या दारात आली. जयंतीचं आमंत्रण द्यायला. यंदा 'गुणवंतांचा सत्कार' ठेवलाय सर, आणि तो तुमच्याच हातून व्हायला पाहिजे. एनएमएमएसला लागलेली आपल्या वस्तीतली चार लेकरं. शाल, ट्रॉफी, फ्लेक्स. फ्लेक्सवर चौघांचे फोटो, त्यांच्या वर बाबासाहेबांचा, आणि खाली मोठ्या अक्षरात 'आमच्या समाजाची गुणवत्ता'.

मी विचारलं, बाकीच्या सत्तावीस जणांचं काय?

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. शेवटी एक जण म्हणाला, "सर, ते लागले नाहीत ना."

मी येणार नाही म्हणालो. पोरं चहा न पिताच गेली. दुसऱ्या दिवशी गल्लीत बोलणं सुरू. सरांचं डोकं फिरलंय, रिटायर झाले की मास्तर लोक असेच होतात. एकानं तर असंही म्हटलं, की पोरं पुढं गेलेली म्हाताऱ्याला बघवत नाहीत. म्हणून हे लिहितोय. तोंडानं बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि मला तुमच्याशी भांडायचं नाही. म्हणजे भांडायचं आहेच, पण नीट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी हा प्रकार काय ते सांगतो. केंद्र सरकारनं २००८ साली ही शिष्यवृत्ती काढली. आठवीत परीक्षा द्यायची, लागलात तर नववी ते बारावी पैसे मिळतात. आधी वर्षाला ६,००० होते, २०१७ पासून १२,००० झाले, तिथंच थांबले. दोन पेपर. एक बौद्धिक क्षमता चाचणी, दुसरी शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, त्यातच गोल काळा करायचा. देशभरात मिळून एक लाख शिष्यवृत्त्या, त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. मराठीत नाव लांबलचक आहे, 'आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी' वगैरे. इंग्रजीत मात्र 'मीन्स-कम-मेरिट'. बघा गंमत. मराठीत आपली गरिबी सांगितली, इंग्रजीत गरिबीला मेरिटची शेपटी लावली. नुसता गरीब चालत नाही. गरीब असून हुशार पाहिजे. आणि हुशार म्हणजे कोण, ते आम्ही ठरवू.

आता आपला विहारातला वर्ग. संध्याकाळी सात ते नऊ. जूनमध्ये एकतीस लेकरं बसायला लागली. मी वहीत नावं लिहिलेली आहेत, कुणालाही दाखवतो.

पहिला झटका तीन जणांना. ती सरकारी वसतिगृहात राहतात. सरकारी वसतिगृहात राहून जेवणखाण, शिक्षण घेणाऱ्याला ही परीक्षा देता येत नाही असा नियम आहे. म्हणजे घरी जागा नाही म्हणून जे लेकरू वसतिगृहात गेलं, ते त्याच कारणानं बाद. मग पाच जण. त्यांच्या आईबापांनी धुणीभांडी करून, हमाली करून पत्र्याच्या शेडातल्या इंग्रजी शाळेत घातलेलं. शाळा विनाअनुदानित, म्हणून बाद. चार जण सातवीच्या मार्कांवर बाद. सातवीत ५५ टक्के पाहिजेत, आपल्या लेकरांना ५० चालतात. त्यांना नव्हते. आणि दोघांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही. एकाचा बाप तीन वेळा तहसीलला गेला, तीन दिवसांची मजुरी बुडवली. साडेतीन लाखांच्या आत आपलं उत्पन्न आहे हे सिद्ध करायला. अंगावरचा सदरा बघूनही समजलं असतं.

तर एकतीसमधले चौदा परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्या बुद्धीला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. आणि तुम्ही म्हणता, ते 'लागले नाहीत'.

सतरा बसले. चार लागले. त्या चौघांचा मला अभिमान आहे, नीट ऐका, आहेच. त्यातल्या एकाला मी पहाटे घरी जाऊन उठवायचो. पण उरलेल्या तेरामधली एक मुलगी आहे. आई कचरा वेचायला जाते, मागं दोन भावंडं हिच्या अंगावर. तिला पास होण्यापुरते मार्क पडले, त्याहून बरेच जास्त पडले. आपल्या प्रवर्गाला ३२ टक्क्यांची अट आहे, ती तिनं कधीच ओलांडली होती. पण पास होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. जिल्ह्याच्या कोट्यात, त्या प्रवर्गाची यादी जिथं संपली तिथून ती दोन गुण खाली राहिली. निकालाच्या दिवशी ती विहाराच्या पायरीवर बसलेली. रडत नव्हती. मला विचारलं, "सर, पुढच्या साली परत देता येती का?"

नाही देता येत. आठवीत एकदाच. तेरा वर्षांच्या लेकराला आयुष्यात एकदा तीन तास मिळतात.

या मुलीनं एकदा वर्गात मला गप्प केलं होतं. बौद्धिक क्षमतेत 'पाण्यातील प्रतिमा' म्हणून एक प्रकार असतो. आकृती दिलेली, ती पाण्यात कशी दिसेल ते चार पर्यायांतून निवडायचं. मी म्हणालो, अगं, विहिरीत वाकून बघितलं नाहीस का कधी? ती म्हणाली, "सर, आमच्यात टँकर येतो. हंड्यात कुठं दिसतं?" पोरं हसली. मला हसू आलं नाही. मला माझ्या गावची विहीर आठवली. परभणी जिल्ह्यातलं गाव, सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमची माय विहिरीच्या पायऱ्यांच्या अलीकडं घागर ठेवून उभी राहायची, कुणीतरी वाढील म्हणून. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं त्याला चाळीस वर्षं उलटून गेलेली, आणि आमच्या गावात पाणी अजून वरून ओतलं जात होतं. पाण्यातली प्रतिमा बघायला आधी पाण्यापर्यंत जाऊ द्यावं लागतं. ही गोष्ट प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या डोक्यात येणार कशी? त्याचं काही चुकलं असंही नाही. त्याच्या घरी नळ होता.

मीही स्कॉलर आहे, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक नसेल. चौथीची स्कॉलरशिप. महाराष्ट्रात ती परीक्षा १९५४ पासून चालत आलेली. तेव्हा चौथीला आणि सातवीला असायची, पुढं २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली. मी १९७३ साली बसलो. दुष्काळाचं साल. बहात्तरचा दुष्काळ म्हणतात तो. माय, बा, चुलता, चुलती सगळे खडी फोडायला. गावात माणूस नाही, गुरं नाहीत. शाळेत सुकडी मिळायची म्हणून आम्ही शाळेत.

गुरुजींनी स्कॉलरशिपचा जादा वर्ग काढला. सकाळी सातला, त्यांच्या घरच्या ओसरीवर. गावातली सहा पोरं निवडली, सातवा मी. मी ओसरीच्या खाली, पायरीजवळ पोत्यावर. मला निवडलं कशामुळं? माझं अक्षर चांगलं होतं, आणि माझा बा गुरुजींच्या घरची लाकडं फोडून द्यायचा. खोटं कशाला बोलू? माझा चुलतभाऊ माझ्याच वर्गात, दोन वर्षांनी थोरला. त्याला निवडलं नाही. तो सकाळी चुलत्याची भाकर घेऊन कामावर जायचा.

आता या थोरल्याची हुशारी सांगतो. खडीचं माप ब्रासवर. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. लांबी, रुंदी, उंची मोजायची आणि तेवढ्यावर मजुरी. मुकादम टेप टाकायचा आणि तोंडानं काहीतरी आकडा सांगायचा. बायामाणसं अंगठा द्यायची. एक दिवशी थोरला म्हणाला, "मुकादम, ह्यो ढीग सव्वा ब्रासाचा हाय, तुमी एक लिवलाय." बारा वर्षांचं पोर! मुकादमानं शिवी घातली, पण परत मोजायला लागला, कारण पन्नास माणसं भोवती उभी. सव्वाच भरला. मग त्या दिवसापासून प्रत्येक बाई थोरल्याला बोलवायची, माझा ढीग बघ रे बाबा. घनफळ म्हणजे काय हे आम्हाला चौथीत शिकवलेलं नव्हतं. त्यानं ते कुठून काढलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तो परीक्षेला बसलाच नाही. मी बसलो. बुद्धिमत्तेच्या पेपरात होतं, गटात न बसणारे पद ओळखा. सतार, वीणा, तबला, तंबोरा. यातलं एकही मी डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं. गुरुजींनी गाईडातून पाठ करून घेतलेलं, तारेची कोणती आणि चामड्याची कोणती, म्हणून 'तबला' लिहून मोकळा झालो. घरी आल्यावर थोरल्याला प्रश्न सांगितला. तो विचार करून म्हणाला, "ह्याच्यात हलगी न्हाई. हलगीच गटात बसत न्हाई." पुढं सबंध आयुष्य मी मेरिट या शब्दावर पुष्कळ वाचलं, शिबिरं केली, भाषणं ठोकली. त्याच्यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

मला स्कॉलरशिप लागली. गुरुजींनी पाठीवर थाप मारायच्या ऐवजी लांबूनच मान हलवली आणि म्हणाले, "त्यांच्यातला असून हुशार आहे." ते 'असून' अजून माझ्या कानात आहे. पैसे आले ते दुसऱ्या साली, मायनं ज्वारी घेतली. आणि आमच्या वाड्यात काय झालं? लोक थोरल्याला म्हणायला लागले, बघ, तो बघ, आणि तू बघ. कालपर्यंत त्याला ढीग मोजायला बोलावणारी माणसं! कागदावर एक आकडा आला आणि एका रात्रीत तो ढ झाला. पाचवीत त्यानं शाळा सोडली. पुढं उसतोड, मग पुण्याला बिगारी. मेला तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता.

माझी हुशारी म्हणाल तर तीही ऐका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. मी नववी होऊन दहावीत गेलेलो. आमचं छप्पर, धान्य, माझं दप्तर, सगळं गेलं. तीन आठवडे नात्यातल्यांकडं शहरात, मग परत. पुढच्या मार्चात बोर्डाची परीक्षा. ४६ टक्के पडले. चौथीचा स्कॉलर! तर मला सांगा, ते ४६ कुणाचे मार्क आहेत? माझे, की आमच्या घराला काडी लावणाऱ्याचे? मार्कलिस्टवर तर नाव माझंच आहे.

त्या ४६ वर मी औरंगाबादला मिलिंदला गेलो. वसतिगृहात जागा मिळाली, आणि भारत सरकारची शिष्यवृत्ती. तिनं मला विचारलं नाही तू कितवा आलास. तू मॅट्रिक पास आहेस का, तुझ्या घरची परिस्थिती काय, तुझी जात काय. बस. बी.ए. झालो, बी.एड. झालो, मास्तर झालो. मला माणूस कुणी केलं असेल तर त्या शिष्यवृत्तीनं. चौथीतल्या गोलाकार शिक्क्याच्या सर्टिफिकेटानं नाही. ते तर १९७८ लाच जळून गेलं.

आणि मग मी काय केलं? हे लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. २००८ नंतर आमच्या शाळेत एनएमएमएस आली. मुख्याध्यापकांना निकाल पाहिजे होता. आठवीत साठ पोरं. मी त्यातली पंधरा वेचली, 'निकाल देणारी'. त्यांना जादा तास, त्यांना माझ्या पैशानं झेरॉक्स. उरलेल्या पंचेचाळीस जणांना शेजारच्या खोलीत फळ्यावरचं उतरून घ्या म्हणून बसवलं. माझ्या नोकरीत माझी लेकरं जिल्ह्यात चमकली. पेपरात फोटो आले. ओसरी माझी होती आता, आणि पायरीजवळ पोती मी टाकत होतो. त्या पंचेचाळीसमधला एक जण मला स्टँडवर भेटतो. पाणीपुरीची गाडी लावतो. "जयभीम सर" म्हणतो, पैसे घेत नाही. त्यानं मला एकदा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणून तुमच्या फ्लेक्सवर माझा राग आहे. तो निम्मा माझ्यावरचाच आहे, हे कबूल.

तुम्ही म्हणाल, सर, बाबासाहेबसुद्धा शिष्यवृत्तीवरच शिकले. शिकले ना! चला, तेच बघू. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. मार्क किती? ७५० पैकी २८२. भागाकार करा. साडेसदतीस टक्क्यांच्या जरासे वर. परळच्या चाळीतली एक खोली, तीच चूल, तीच झोपायची जागा, बाप रामजी रात्री दोनपर्यंत जागा राहून पोराला अभ्यासाला उठवायचा आणि मग स्वतः आडवा व्हायचा. शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. इतकं सगळं भागिले साडेसदतीस. आजच्या नियमात सातवीला ५० लागतात. म्हणजे त्या मार्कांवर भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला एनएमएमएसचा फॉर्मसुद्धा भरता आला नसता. तो माझ्या वहीतल्या पहिल्या चौदामध्ये राहिला असता.

हो, मला कळतं, तेव्हाचे मार्क आणि आत्ताचे मार्क एक नव्हेत. तेव्हा शंभरातले पस्तीस काढतानाही भल्याभल्यांना घाम फुटायचा, आता नव्वदवाले गल्लीत तीन सापडतात. पण मग माझंच म्हणणं खरं झालं ना? आकड्याला स्वतःची अशी काही किंमत नसते. कुणी, कधी, कुठं बसून तो काढला ते बघावं लागतं. आणि तेवढंच या परीक्षा बघत नाहीत.

पुढचं बघा. २८२ मार्कांवर त्या पोराचा सत्कार झाला. जाहीर सभा झाली. अध्यक्ष सीताराम केशव बोले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी उठले आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या पोराच्या हातात दिलं. याच केळुसकरांनी पुढं त्याला सयाजीराव गायकवाडांकडं नेलं. महिना २५ रुपये सुरू झाले, १९१३ ला अमेरिका. आता विचार करा, त्या सभेत कुणी विचारलं का, की हा मेरिट लिस्टमध्ये कितवा? सत्कार कशाचा होता? आपल्यातलं एक लेकरू दार ओलांडून आत गेलं, याचा. शेजाऱ्याच्या लेकरापेक्षा दोन मार्क जास्त काढले, याचा नव्हता. मी सत्काराच्या विरोधात नाही, दोस्तहो. तो १९०७ चा सत्कार कुठं, आणि तुमचा फ्लेक्स कुठं!

जोतिबांनी तर हे सगळं १८८२ सालीच लिहून ठेवलंय. हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं त्यात. तात्यासाहेबांचं म्हणणं असं, की शिष्यवृत्त्या चढाओढीच्या परीक्षेवर वाटणं वरवर बघता न्यायाचं दिसतं, पण त्यानं इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गात विद्या पोचलीच नाही त्यांना उत्तेजन मिळेल अशा रीतीनं त्या वाटा. झालं. १८८२! त्याला जवळजवळ दीडशे वर्षं होत आली. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो आणि त्यांनी नाकारलेल्या पद्धतीची ट्रॉफी वाटतो.

या चाचण्या आल्या कुठून, तेही ठाऊक असू द्या. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने नावाच्या माणसानं १९०५ साली पहिली बुद्धिमापनाची चाचणी बनवली. कशासाठी? शाळेत मागं पडणारं लेकरू कोणतं ते हुडकायला, त्याला जादा मदत देता यावी म्हणून. मागच्याला हात द्यायचं हत्यार होतं ते. अमेरिकेत गेल्यावर ते उलटं फिरलं. कार्ल ब्रिगम नावाच्या प्राध्यापकानं १९२३ साली पुस्तक लिहून गोऱ्यांतला उत्तरेकडचा वंश हुशार आणि काळे सगळ्यांत खाली, असं या चाचण्यांच्या आकड्यांवर 'सिद्ध' केलं. त्याच ब्रिगमच्या देखरेखीखाली १९२६ ला तिथल्या कॉलेजप्रवेशाची सॅट परीक्षा निघाली. पुढं १९३० ला तो स्वतःच म्हणाला, माझा तो निष्कर्ष निराधार होता. तो पलटला, परीक्षा राहिली. तिथली राष्ट्रीय मेरिट शिष्यवृत्ती १९५५ ला अशाच चाचणीवर उभी राहिली, आणि १९६४ ला काळ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी काढावी लागली. आपल्या पँथरनं १९७२ ला नाव घेतलं ते ज्या काळ्या पँथरांवरून, त्यांच्या पोरांचीही हीच कथा. आणि बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात पोचले तेव्हा ही सॅट जन्मायची होती. बरं झालं.

आता मला विचारतील, मग सर, तुम्ही विहारात वर्ग कशाला चालवता? पोरांनी परीक्षाच देऊ नये का?

द्यावी. बारा हजार रुपये आहेत, चार वर्षांचे अठ्ठेचाळीस. ते आपल्या बापाचे आहेत, आपल्या करातले आहेत, ते सोडून यायला मी येडा नाही. रेशनच्या रांगेत उभं राहतो तसं उभं राहायचं, नंबर लागला तर पिशवी भरून घ्यायची. पण रेशनच्या रांगेत पुढं उभा होता म्हणून तुम्ही कुणाला शाल घालता का? मेरिट म्हणून डोक्यावर घेऊ नका, एवढंच. कारण ज्या दिवशी तुम्ही चौघांना 'आमच्या समाजाची गुणवत्ता' म्हणाल, त्या दिवशी सत्तावीस जणांना तुम्हीच सांगितलं, की तुम्ही समाजाचा कचरा. हे काम आजवर दुसरे करत होते. त्यांना आता यायची गरज नाही.

आणि लढायचंच तर कशासाठी लढायचं? १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. तीच आजची मॅट्रिकोत्तर. पुढं ती दहावी पास झालेल्या, कॉलेजात नाव घातलेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या आपल्या प्रत्येक लेकराची झाली. तिला चाचणी नाही. हक्क आहे तो. आता तुमच्यापैकी किती जणांना ती वेळेत मिळते? वर्ष संपतं, कॉलेज फी मागतं, टीसी अडवून ठेवतं, पोर्टलवर 'प्रलंबित' दिसतं. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे बाप कुठं शिपाई म्हणून कायम झाला, की लेकरू बाहेर. या गोष्टीवर मंडळाचा शेवटचा मोर्चा कधी निघाला होता? मला आठवत नाही. फ्लेक्स मात्र दर वर्षी मोठा होतो. बक्षिसाला टाळ्या वाजवायची सवय लागली, की हक्काची थकबाकी मागायला तोंड उघडत नाही. दुसऱ्यांचं काय सांगू, माझंही उघडलं नव्हतं, नोकरी होती तोवर.

वसतिगृहातल्या पोराला परीक्षा बंद, हा नियम बदला म्हणून एक अर्ज लिहिलाय. त्यावर सह्या पाहिजेत. तहसीलला दाखल्यासाठी जूनमध्येच जायचं, नोव्हेंबरात नाही, त्यासाठी दोन पोरं पाहिजेत, ज्यांना कागद कळतो. आणि मॅट्रिकोत्तर अडकलेल्यांची वस्तीतली यादी मी काढतोय, आजपर्यंत एकोणीस नावं झाली. ही यादी घेऊन समाजकल्याणच्या दारात बसायचंय. कोण येतं?

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. निकालानंतर तीन दिवस ती वर्गाला आली नाही. चौथ्या दिवशी आली, मागच्या भिंतीला टेकून बसली. मी विचारलं, आता कशाला आलीस, परीक्षा तर झाली. ती म्हणाली, "घरी लाइट न्हाई, सर. इथं हाय." आणि सातवीतल्या पोरांना, जी पुढच्या साली बसणार, त्यांना गणित सांगायला लागली. मला न विचारता. एक पोरगं सारखं चुकत होतं, तर त्याला म्हणाली, "राहू दे, परत बघू, टाइम लावला न्हाई मी." टाइम लावला नाही! ही बाई मास्तर होणार. कुणाच्या यादीत असो नसो.

तर मंडळाला माझा निरोप. मी जयंतीला येतो. शाल नको, ट्रॉफी नको, तो पैसा विहारात दोन पंखे आणि वह्यांना लावा. पत्रिकेवर एकतीस नावं छापा. वसतिगृहातली तीन, पत्र्याच्या शाळेतली पाच, सातवीला कमी पडलेली चार, दाखला न मिळालेली दोन, परीक्षेला बसलेली सतरा. आडनावाच्या अक्षराप्रमाणं, मार्कांप्रमाणं नाही. आणि जागा उरली तर सगळ्यांत खाली बत्तिसावं नाव घाला, माझ्या चुलतभावाचं. नाव मी सांगतो.

हे जमत असेल तर कळवा. नाहीतर माझ्यासाठी खुर्ची ठेवू नका, मी समोर लेकरांत बसेन.